पहाटे साडेपाचचे वाचक

१ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाच वाजता आमच्या वाचनालयात अख्खं गाव जमलं होतं, हे मला गेल्या सोमवारी कळलं. तो दिवस गुरुवारचा होता. गुरुवारी आमच्या वाचनालयाला सुट्टी असते. तरी लोक आले. गोंदियाकडच्या जानेवारीत त्या वेळी माणूस शेकोटीजवळून हलत नाही, कुत्रंसुद्धा राखेतून उठत नाही. पण आमचे वाचक उठले, अंधारात वाचनालय गाठलं आणि सर्वांनी मिळून एकाच मिनिटाला आपापले अभिप्राय नोंदवले. त्यातल्या एकानं लिहिलं आहे, "मोबाईल चार्जिंगची सोय करावी."

हे मी मनचं सांगत नाही. काउंटरवरच्या नव्या टॅबमध्ये प्रत्येक अभिप्रायाखाली दिनांक आणि वेळ आहे. यंत्र खोटं बोलत नाही, असं ते बसवून गेलेला मुलगा दोनदा म्हणाला.

आधी आमच्याकडे वही होती. सूचना व अभिप्राय वही. लाल कापडी पुठ्ठा, सुतळीनं टेबलाच्या एका पायाला बांधलेली. पेन दुसऱ्या पायाला बांधलेलं. दोन्ही सुतळ्या आखूड असल्यामुळे लिहिणाऱ्याला मधे वाकून उभं राहावं लागे, आणि त्यामुळे कुणी फार पाल्हाळ लावत नसे. मग कुण्या वरिष्ठाच्या ध्यानात आलं, की लोकांचे अभिप्राय ही नाजूक बाब आहे, ती आपली आपण हाताळणं बरं नव्हे, त्रयस्थाकडे द्यावी. त्रयस्थ म्हणजे ज्याला आपल्या पंख्याशी, पेपराशी आणि मोडक्या खुर्चीशी काही देणंघेणं नाही असा माणूस. गावात असा कुणी सापडेना. बाहेरून मागवावा लागला.

पहिल्या एजन्सीनं जुन्या वह्या टाइप करून घेतल्या, भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला आणि एक वर्ष फुकट सेवा दिली. वर्ष संपल्यावर बिल आलं. बिल थांबलं तशी प्रत्येक अभिप्रायाखाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येऊ लागली. म्हणून दुसरी एजन्सी नेमली. पहिलीनं सगळे अभिप्राय दुसरीच्या हवाली केले, दोघींनी पोच दिली, फोटो काढला. इथपर्यंत सगळं रीतसर.

घोळ इतकाच झाला, की पहिल्या एजन्सीच्या रकान्याचं नाव होतं 'दिनांक' आणि दुसरीच्या रकान्याचं 'तारीख'.

दिनांक म्हणजेच तारीख, हे आमच्याकडे दुसरीतल्या पोराला कळतं. यंत्राला सांगावं लागतं, आणि सांगायचं कुणी, हे करारात नव्हतं. तारखेच्या रकान्यात काहीच आलं नाही, म्हणून यंत्रानं तिथं शून्य धरलं. आता संगणकाचं कालगणन असं आहे, की १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते तो मोजत बसतो. शून्य सेकंद म्हणजे ती मध्यरात्र. पण ती मध्यरात्र ग्रिनिचची. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणून आमचं गाव पहाटे साडेपाचला उठलं. तारीख नसेल तर जागा कोरी ठेवावी, एवढी अक्कल आमच्या वहीला होती.

तेव्हापासून मी त्या पहाटेतून बाहेरच पडलेलो नाही. वाचनालयाची इमारत नंतरची. १९७० साली त्या जागेवर बांधी होती आणि धान निघाल्यावर तिच्यात लाखोळी असे. म्हणजे आमचे सगळे वाचक दवानं भिजलेल्या लाखोळीत, घोट्यापर्यंत गारठून, वर छप्पर नाही, समोर टेबल नाही, अशा अवस्थेत उभे होते आणि "पंख्याचा आवाज येतो" म्हणून तक्रार करत होते. एक जण म्हणतो, "भिंतीवर अजून भंडारा जिल्ह्याचा नकाशा आहे, तो काढून गोंदिया जिल्ह्याचा लावा." गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ला. मंत्रालयाला ज्याची चाहूल नव्हती ते आमच्या माणसाला एकोणतीस वर्षं आधी, लाखोळीत उभ्यानं कळलं होतं, आणि त्याचा पहिला विचार नकाशा बदलण्याचा होता! दुसऱ्यानं नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पावरचं पुस्तक मागितलं आहे. हा प्रकल्प २०१३चा. त्या पहाटे नागझिरा साधं अभयारण्यसुद्धा नव्हतं, ते पाच महिन्यांनी झालं. तिसऱ्याची तक्रार, की वाचनालयाच्या दारासमोर एमएच ३५ची एक मोटारसायकल रोज आडवी लावलेली असते. चौथा विचारतो, लॉकडाऊन उठला तरी वाचनालय का उघडत नाही? त्या काळी गोंदियाहून जबलपूरला छोट्या लाईनची गाडी जायची आणि हा गृहस्थ लॉकडाऊन उठण्याची वाट पाहत होता. त्यानं हे तेव्हाच चार लोकांना मोठ्यानं सांगितलं असतं तर केवढं काम झालं असतं. पण नाही. आमच्या गावाला भविष्य कळलं तरी ते अभिप्राय वहीत लिहिणार.

ग्रंथपालाला मी म्हटलं, हे दुरुस्त करून घ्या. तो म्हणाला, "काकाजी, मी फोन लावून राहिलो न जी, पण पहिलीवाले म्हणतात आम्ही दिनांक दिला होता, दुसरीवाले म्हणतात आम्हाला तारीख भेटलीच नाही." दोघंही खरं बोलत आहेत.

मीही हसून सोडून दिलं असतं. पण पंखा आहे ना.

वर्तमानपत्रांच्या टेबलावरचा पंखा. तो फिरतो, पण हवा देत नाही. वर्तमानपत्राची पानं तेवढी उलटतो, तीही आपण वाचत असतानाच. या पंख्याविषयी मी दर उन्हाळ्यात लिहीत आलो. वाकून, सुतळीच्या हद्दीत राहून, सभ्य भाषेत. मे महिन्यात आमच्याकडे काय तापतं ते पुण्या-मुंबईच्या एजन्सीला सांगून कळणार नाही. परवा टॅबवर माझेच अभिप्राय शोधले. सापडले. सगळे एकाखाली एक, सगळे त्याच पहाटेचे, आणि प्रत्येकापुढे हिरवी खूण: निकाली. नव्या व्यवस्थेत सात वर्षांहून जुना अभिप्राय आपोआप निकाली निघतो म्हणे. माझा पंखा छप्पन्न वर्षांचा ठरून बंद झाला. म्हणजे तक्रार बंद झाली, पंखा चालूच आहे. खाली वाक्य: "आपले समाधान झाल्याबद्दल धन्यवाद." कुणाचं झालं? कधी झालं? लाखोळीत?

आणि नावं. पहिल्या एजन्सीत 'नाव' होतं, दुसरीत 'अभिप्रायकर्ता' आहे. त्यांचंही जमलं नाही. त्यामुळे आम्ही सगळे आता 'अतिथी' आहोत. आमचे एक निवृत्त गुरुजी लाल शाईनं लिहायचे. स्वतःचं लिहून झालं, की दुसऱ्यांच्या अभिप्रायातल्या वेलांट्या दुरुस्त करायचे आणि समासात गुण द्यायचे. मला एकदा दहापैकी चार दिले होते. इमारत उभी राहताना याच माणसानं दोन खंडी धान विकून कपाटं घेऊन दिली. गुरुजी गेले. त्यांची लाल शाई यंत्रात शिरताना काळी झाली, समासातले गुण कुठे टाइप करायचे ते कळलं नाही म्हणून गळले, आणि उरलं काय, तर "अतिथी, १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०". अतिथी! ज्याच्या कपाटाला टेकून तो मुलगा टॅबची वायर जोडत होता, तो अतिथी, आणि ज्याला कपाट कुणाचं हे ठाऊक नाही, त्याच्याकडे आमच्या शब्दांचा ताबा. वह्यांचं काय केलं, म्हणून विचारलं. टाइप झाल्यावर रद्दीत दिल्या. किलोवर गेल्या. लाल पुठ्ठे आधी फाडून घेतले, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा.

मी चिडून निघालो तशी ग्रंथपालानं हाक मारली आणि काउंटरखालचा खण अर्धा उघडून दाखवला. आत शंभर पानी शाळेची वही. वर लिहिलेलं, 'कच्ची'. "लोकं यातच लिहून राहिले जी. टॅबमध्ये मी सवडीनं भरतो. वर नका सांगू." वहीला सुतळी होती. जुनीच.

मी पंख्याबद्दल लिहिलं. खाली तारीख टाकली, वार टाकला, वेळ टाकली, सही केली, आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव.

"तसंही काकाजी," तो खण लावत म्हणाला, "ही एजन्सी मार्चपर्यंतच आहे. तिसरीचं पत्र आलं."

पत्र टेबलावर होतं. सोबत नमुना तक्ताही. मी चष्मा लावून रकाने वाचले. अनुक्रमांक, अभिप्राय, शेरा. मधे एक अरुंद रकाना होता आणि त्यावर छापलं होतं, 'दि.'