तिसऱ्या मजल्यावरचे सरदार

शिवकालीन शस्त्रांचं वेड लागलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या मिशांकडे पाहू नये. तशा मिशा हल्ली बँकेतला कॅशिअरही ठेवतो. अंगठा पाहावा. पेरावर पक्कडीने पाडलेला घट्टा, नखाखाली कशानेही न निघणारी काळी रेघ, आणि बोलता बोलता तुमच्या मनगटी घड्याळाच्या साखळीवर खिळलेली नजर. "कड्या नुसत्या मिटवल्यात हो," असं तो हळहळून म्हणाला, की शंकेला जागा उरत नाही.

असे एक गृहस्थ आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी आयटीत, आणि हुद्दा असा की ते ऑफिसात नेमकं काय करतात हे त्यांच्या आईलाही नातेवाइकांना सांगता येत नाही. सोसायटी त्यांना सरदार म्हणते. सुरुवातीला पाठीमागे म्हणायची, आता तोंडावर म्हणते, आणि मेंटेनन्सच्या पावतीवर वॉचमननेही एकदा तेच लिहिलं होतं.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. वास्तुशांतीला मेहुण्याने एक ढाल आणि तिच्यामागे फुलीसारख्या दोन तलवारी अशी चौकट दिली. ती सोफ्याच्या वर लागली. पुढे एका शस्त्रप्रदर्शनात सरदारांनी तिचा मोबाइलवरचा फोटो एका जाणकाराला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सारला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "पत्रा आहे." एवढंच. त्या रात्री चौकट भिंतीवरून उतरली. वहिनी म्हणतात, त्या दिवसापासून माझा भाऊही यांच्या मनातून उतरला.

मग अस्सल वस्तू स्वतः बनवायचं ठरलं. ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं आणि त्या जागेचं नाव शिलेखाना झालं. महाराजांच्या अठरा कारखान्यांपैकी बाकीचे सतरा फ्लॅटच्या कुठल्या कोपऱ्यात बसवता येतील याचाही आराखडा झाला होता. पण स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हटल्यावर वहिनींनी "मग आजपासून तिथे खानसामा ठेवा" असं सुनावलं, आणि राज्यविस्तार तिथेच थांबला.

तलवारीच्या आधी चिलखत, कारण चिलखताला परवाना लागत नाही. चिलखताची कृती ऐकायला सोपी. तार सळईवर गुंडाळायची, तिची स्प्रिंग झाली की उभी कापायची, म्हणजे कड्या सुटतात. प्रत्येक कडीत शेजारच्या चार ओवायच्या. इथवर कुणीही येतं. पण टोकं नुसती एकमेकांना टेकवून सोडली, तर भाल्याचं अणकुचीदार टोक आत शिरताच कडी उघडते. म्हणून टोकं एकमेकांवर चढवायची, ठोकून चपटी करायची, त्यात टोच्याने भोक पाडायचं, भोकात कणभर रिव्हेट घालायचा आणि तो ठेचायचा. झाली एक कडी. अंगभर चिलखताला अशा वीस-तीस हजार लागतात. त्यातल्या त्यात दिलासा असा, की जुने कारागीर बरेचदा एक ओळ रिव्हेटची आणि एक ओळ अखंड कड्यांची अशी आळीपाळीने लावत. म्हणजे निम्मी मेहनत वाचते. ही माहिती मिळाली तेव्हा सरदारांच्या निम्म्याहून जास्त कड्या रिव्हेट मारून झालेल्या होत्या.

अखंड कड्यांसाठी ते बोहरी आळीत गेले आणि किलोवर वायसर मागितले. दुकानदाराने विचारलं, "कशाला लागतात एवढे?"

"चिलखताला."

दुकानदाराने क्षणभर विचार केला. "कुठल्या कंपनीचं मशीन ते? मॉडेल नंबर सांगा, म्हणजे साइज नीट देता येईल."

हे काम वर्षानुवर्षं चाललं. बातम्या बघताना, फोनवर बोलताना, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत पाठीमागच्या बाकावर, सरदारांच्या हातात पक्कड असायची. घरात कुठेही अनवाणी चालायची सोय उरली नाही. ऐतिहासिक मालिका लागली की मात्र हात थांबायचा आणि तोंड सुरू व्हायचं, कारण पडद्यावरचं चिलखत बरेचदा सुतळी विणून त्यावर चंदेरी रंग मारलेलं असतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. नायक मरणाच्या दारात, सासूबाईंच्या डोळ्यांना पदर, आणि जावई ओरडतोय, "बाही बघा, बाही! सुतळी आहे ती!"

एवढ्या दिवसांत व्हायचं ते झालं. चिलखत सुरू झालं तेव्हाचे सरदार आणि चिलखत पूर्ण झालं तेव्हाचे सरदार यांच्या कमरेत चांगला वीतभर फरक पडला. दोन्ही कुशींना कड्यांच्या नव्या ओळी घालाव्या लागल्या. सरदार याने खचले नाहीत. चिलखतं पिढ्यान् पिढ्या चालत, बापाचं पोराला येई, तेव्हा अशी वाढ-घट करावी लागायचीच, हे ते छातीठोकपणे सांगतात. पोटठोकपणे असं वहिनी दुरुस्त करतात.

चिलखत उघड्या अंगावर घालत नाहीत. आत कापूस भरून टाचलेला जाड डगला लागतो, नाहीतर वार अडतो आणि बरगडी मोडते. त्यासाठी सरदार गादीवाल्याकडे गेले. गादीवाल्याने कागदावरचा बाह्यांचा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "झोपणार कसे ह्याच्यात?"

शेवटी दहा-अकरा किलोचं ते प्रकरण अंगावर चढलं. प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 ला महाराज अंगरख्याआड चिलखत घालून खानाच्या भेटीला गेले होते. हा प्रयोग आपणही करून पाहावा असं सरदारांना वाटलं, आणि त्यांनी त्यासाठी वार्षिक मूल्यमापनाचा दिवस निवडला. फॉर्मल शर्ट दोन नंबर मोठा घेतला, आत चिलखत घातलं. आयटी पार्काच्या दारातला धातुशोधक असा काही किंचाळला, की मागची रांग दोन पावलं सरकली. "साहेब, खिशात काय आहे?" वॉचमन म्हणाला. "खिशात काही नाही," सरदार म्हणाले, आणि हे खरं होतं. पुढचा अर्धा तास कसा गेला ते त्यांनी अजून कुणाला कळू दिलेलं नाही. बैठक मात्र सुखरूप पार पडली. पगारवाढ मिळाली नाही, पण साहेबाने मिठीही मारली नाही.

तलवारीची गोष्ट वेगळी. गच्चीवर भट्टी पेटवायचा एकच प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी "गच्चीवर पापड वाळत घालू नयेत" या सूचनेखाली सेक्रेटरींनी हाताने "तसेच लोखंड तापवू नये" अशी भर घातली. मग सरदारांनी सासवडच्या बाजूला एक लोहार गाठला. म्हातारा. आयुष्यभर विळे, कोयते आणि नांगराचे फाळ केलेला. ट्रकच्या पाट्याचा तुकडा भट्टीत सरकवून तो बसला आणि सरदारांनी त्याला पोलादाचा इतिहास सांगायला घेतला. दक्षिणेत मुशीत बंद करून केलेलं पोलाद, त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, पात्यावर उमटणारी पाण्याच्या लाटांसारखी जौहराची नक्षी, ती विद्या कशी लोपली, आणि मग अमेरिकेत जॉन व्हर्होवन नावाचा धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचा घोड्यांना नाल ठोकणारा लोहार या दोघांनी मिळून ती नक्षी पुन्हा कशी काढून दाखवली. लोखंडात व्हॅनेडियमचा अगदी लवलेश असावा लागतो, हे त्यांना कसं उमगलं. लोहाराने सगळं ऐकून घेतलं.

"साहेब," तो म्हणाला, "भाता मारा जरा."

सरदारांनी भाता मारला. त्यांनी सोबत तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्रही आणलं होतं. ते त्यांनी भट्टीवर रोखलं आणि आकडा वाचून दाखवला. लोहाराने आकड्याकडे पाहिलंच नाही. तो पात्याच्या रंगाकडे बघत होता, आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून त्याने भट्टी मुद्दाम छपराच्या अंधारात मांडली होती. चेरीसारखा लाल उजळून नारिंगीकडे झुकल्यावर त्याने पातं काढून तेलात बुडवलं. चर्रर्र झालं, धुराचा लोट उठला, आणि पातं बाहेर आलं तेव्हा मधोमध डावीकडे वळलेलं होतं. सरदारांचा चेहरा उतरला. लोहाराने पातं डोळ्यासमोर आडवं धरून पाहिलं. "वाया नाही जायची," तो म्हणाला, "उसाला बरीय."

त्या दिवसानंतर सरदार महिन्यातून दोन शनिवार तिथे जायला लागले, आणि माझ्या मते खरा बदल इथे झाला. आधी त्यांना पातं हवं होतं. आता ते घरी येऊन चिमट्याच्या पकडीबद्दल बोलतात. शिकलगार पात्याला झिलई कशी देत, मुठीला कातडं भिजवून कसं ताणत, म्यानाच्या लाकडाला आतून किती पोकळी ठेवायची, असलं काहीबाही. लढाईचं नाव निघत नाही. ज्या माणसाला सरदार व्हायचं होतं, तो लोहार, शिंपी, चांभार आणि कासार यांच्या दारी उमेदवारी करत बसला आहे, आणि अलुतेदार-बलुतेदारांतले आणखी कोण राहिले याची त्याने यादी केली आहे. असे लोक जगभर आहेत म्हणे. 1966 साली अमेरिकेत बर्कलीच्या एका घराच्या परसात काही मंडळी मध्ययुगीन पोशाखात जमली आणि त्यातून एक मोठी संस्थाच उभी राहिली. तिथे सभासदांची राज्यं आहेत, राजे तलवारीच्या सामन्यांतून ठरतात. आमच्या सरदारांना ती कल्पना पसंत नाही. राजा आपल्याकडे एकच, आणि आपण फार तर त्याच्या शिलेखान्यातले कारकून, असं त्यांचं म्हणणं.

तलवारीला धार मात्र लावलेली नाही, 1959 च्या शस्त्र कायद्याच्या धाकाने. तरी पोलिसांचा शस्त्रबंदीचा हुकूम वर्तमानपत्रात छापून आला, की वहिनी कात्रण कापून शिलेखान्याच्या दारावर चिकटवतात. तिथे आता बरीच कात्रणं झाली आहेत.

शिवजयंतीला सोसायटीच्या हॉलमध्ये सरदार टेबल मांडून बसतात. त्यांचा रक्तदाब तपासायचा असेल तर हाच मुहूर्त. येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: "किती किलोची?"

"सव्वा किलोची."

"हॅ! महाराजांची साठ किलोची होती."

सरदार डोळे मिटतात. तलवार तासन्‌तास फिरवायची असते; साठ किलोचं लोखंड उचलायला हमाल लागेल, वीर नव्हे. लढाईची एकहाती तलवार एक-सव्वा किलोचीच असते, मग ती युरोपातली असो की आपल्याकडची. हे ते शांतपणे सांगतात. मग कुणीतरी मोबाइल काढून महाराणा प्रतापांच्या ऐंशी किलोच्या भाल्याचा मेसेज दाखवतो. त्यानंतर हमखास पुढचा ज्ञानी येतो आणि पात्याच्या मधल्या खोलगट पन्हळीवर बोट ठेवून आपल्या मुलाला सांगतो, "ही रक्त वाहून जायला." ती पन्हळ पात्याचं वजन कमी व्हावं आणि ताठपणा मात्र टिकावा म्हणून असते. पण 'रक्त' म्हटल्यावर त्या मुलाचे डोळे जसे चमकतात तसे 'ताठपणा' म्हटल्यावर चमकत नाहीत, त्याला सरदार काय करणार?

गडावर जातात तेव्हा त्यांच्या गटाचा कडक नियम असतो: सतराव्या शतकात आपल्या ताटात नव्हतं ते खायचं नाही. बटाटा बाद, टोमॅटो बाद, साबुदाणा बाद. भाकरी, कांदा, पिठलं. मिरचीवर दोन तट आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. चष्म्याला परवानगी आहे, कारण चष्मा सोळाव्या शतकातच हिंदुस्थानात पोचला होता. हा पुरावा अर्थातच चष्मेवाल्यांनी शोधला. चहाचं काय, असं मी एकदा विचारलं. सरदार गडाच्या दरवाजाकडे बघत म्हणाले, "चहा तांब्याच्या लोट्यातून पितो आम्ही."

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात पाहायला ठेवली, तेव्हा सरदार रजा टाकून गेले. ती महाराजांचीच का, यावर बाहेर वर्तमानपत्रांत चांगलीच जुंपली होती. ते संग्रहालय स्वतःही तशी खात्री देत नाही. सरदारांना त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. लोक हात जोडत होते, सेल्फी घेत होते, आणि हे गुडघ्यावर बसून काचेच्या खालच्या कोपऱ्यातून नखं पट्टीला कशी जोडली आहेत ते बघत होते. "पुढे चला, पुढे चला," पहारेकरी म्हणाला. ते म्हणाले, "दोन मिनिटं, मागचा सांधा दिसत नाहीये."

आता ताजी बातमी. चिलखताच्या कुशींना लावून उरलेला हातभर तुकडा शिलेखान्यात पडून होता. वहिनींनी एक दिवस तो उचलला आणि बिडाच्या तव्यावर घासून पाहिला. तवा लख्ख निघाला, ओरखडा नाही, तेलाचा थर तसाच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो पाहिला, त्यांनी त्यांच्या जावेला सांगितलं, आणि सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर बघता बघता चौदा जणींनी नावं लिहिली. इतक्या वर्षांत सरदारांच्या हातच्या वस्तूला आलेली ही पहिली मागणी. मला वाटलं, हा माणूस आता भडकणार. चिलखताची घासणी केली म्हणून अन्नपाणी सोडणार.

रविवारी सकाळी दार उघडंच होतं. सरदार शिलेखान्यात वही घेऊन बसले होते, समोर त्या काकू उभ्या.

"साध्या मिटवलेल्या कड्यांचं देऊ की रिव्हेटचं?" ते विचारत होते. "साधं पुढच्या आठवड्यात मिळेल. रिव्हेटचं हवं असेल तर दिवाळीपर्यंत थांबावं लागेल."

काकू म्हणाल्या, "रिव्हेटचं काय विशेष?"

"भाला लागला तरी उघडत नाही."

काकूंनी विचार केला. "मग तेच द्या," त्या म्हणाल्या, "आमची कामवाली फार जोरात घासते."