मान वर, पाय खड्ड्यात

मुंबईत रस्त्यावर मान वर करून उभं राहणं हा अजून दखलपात्र गुन्हा झालेला नाही, पण लोक आपल्याकडे बघतात ते तसंच. आधी मागून कुणीतरी धडकतो आणि आपल्या घराण्याचा उद्धार करून पुढे जातो. मग दोघंजण शेजारी येऊन वर बघायला लागतात. बघता बघता गर्दी जमते आणि एकजण आशेने विचारतो, "उडी मारतोय का कोण?"

"नाही, मोर आहे," मी सीएसएमटीच्या भिंतीकडे बोट दाखवतो. "दगडाचा."

गर्दी वैतागून पांगते. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केला, जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी भिंतींवर पानंफुलं, पशुपक्षी कोरले, २००४ मध्ये युनेस्कोने इमारतीला जागतिक वारसा म्हटलं. पण मोराला बिचाऱ्याला प्रेक्षक नाही, कारण त्याच्याखालून धावणाऱ्या प्रत्येकाचा डोळा इंडिकेटरवर.

उच्च न्यायालयातलं माकड तर आणखी पोहोचलेलं. १८७८ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत ते खांबाच्या माथ्यावर न्यायदानाला बसलंय. हातात तराजू, डोळ्यावर पट्टी, पण एकाच. शिवाय गळ्यात वकिली पट्टी अडकवलेला कोल्हाही आहे. दंतकथा अशी, की बांधकामातल्या कुणा पारशी कंत्राटदाराचा दावा बुडाला आणि त्याने आपलं अपील दगडात दाखल केलं. खरंखोटं तो कोल्हा जाणे. पण न्यायालयाचा अवमान न्यायालयाच्याच खांबावर इतकी वर्षं मुक्कामाला असून त्याला नोटीस निघालेली नाही. म्हणजे वर न बघण्यात सगळे कायद्यापुढे समान आहेत.

शहराचा विनोद असा वरच्या मजल्यावर राहतो. इतिहासाची खोली तळघरात. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर सांगणारे काळ्या दगडाचे मैलदगड एकोणिसाव्या शतकात रस्तोरस्ती बसवले होते, रोमन आकडे कोरून. पुढे फुटपाथ उंच होत गेले आणि दगड गळ्यापर्यंत बुडाले. अलीकडे त्यांतले काही खणून पुन्हा उभे केलेत. अशाच एका बुडालेल्या दगडावर एक गृहस्थ निवांत टेकले होते. आकडा बघायचा म्हणून मी त्यांना जरा उठायला सांगितलं.

"तुमचा आहे का?"

"नाही, इंग्रजांचा."

"मग ते आले की उठतो."

खोदकामाचं खरं यश मात्र परळचं. १९३१ मध्ये तिथे रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून शिवाचं भलंमोठं शिल्प निघालं: पुरुषाहून उंच, एकाच शिळेतून एकावर एक उमलत गेलेल्या आकृत्या, वय सुमारे दीड हजार वर्षं. आज ते बारादेवी मंदिरात आहे. मुंबईचे रस्ते तेव्हापासून सारखे का खोदले जातात, हे मला त्यावरून उमगलं. दुसरं काहीतरी सापडेल, या आशेवर चाललंय सगळं! आपण उगाच कंत्राटदारांवर संशय घेतो.

हा सिद्धांत मी एका सज्जाखालची नक्षी न्याहाळत, चालता चालता बायकोला ऐकवत होतो. तिने दंड धरून मला खेचलं. पुढ्यात हातभर खोल चर होता.

"अहो, खाली बघा," ती म्हणाली. "नाहीतर दीड हजार वर्षांनी तुम्हीच सापडाल, आणि लोक विचारत बसतील, हा देव कोणता!"