चुंबळ निरंक

आमच्या तालुक्याच्या गावी मुख्य चौकात एक बाई उभी राहिली आहे. उंची 11 फूट, अंग फायबरचं, वरून ब्राँझचा रंग. नाकात नथ, कमरेला बाक, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या, आणि तांब्यातून अखंड पाणी वाहतंय. गावात नळाला नवव्या दिवशी पाणी येतं. हे पाणी वाया जात नाही, तेच तेच फिरतं, असा खुलासा नगरपालिकेनं केला आहे. नळातलं पाणीही वाया जात नाहीच म्हणा.

अनावरणाला पाण्यासाठी रोज नंबर लावणाऱ्या बायकांना खास फेटे बांधून पुढे बसवलं होतं. पडदा सरला, टाळ्या झाल्या, आणि एक मावशी शेजारणीला, पण माइकलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हिला चुंबळच न्हाई! टाळू सोलून निघंल की बाईची."

खरंच नव्हती. भरला हंडा म्हणजे पंधरा किलो, त्यावर कळशी, त्यावर तांब्या, आणि हे सगळं थेट भांगावर. खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळालं पाहिजे, असं सरकारी कागद म्हणतो. पाच जणांच्या घराला झाले 275 लिटर, म्हणजे अठरा हंडे आणि वर थोडं. अठरा खेपा करणारी बाई एक वेळ नथ विसरेल, चुंबळ विसरणार नाही. पण या बाईला मान्यता देणाऱ्यांत पाणी वाहिलेलं डोकं एकही नव्हतं. अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता झाली, प्रशासकीय मान्यता झाली, ई-टेंडर निघालं, वर्क ऑर्डर गेली. नथ डावीकडे की उजवीकडे यावर तीन पत्रांची देवाणघेवाण झाली. मोजमाप पुस्तकात सगळं व्यवस्थित चढलंय: स्त्री, नग 1; हंडा, कळशी, तांब्या, प्रत्येकी नग 1; नथ, नग 1. चुंबळ निरंक.

मावशीचं बोलणं वाया गेलं नाही. चुंबळीचा विषय सभेत आला. प्रशासनाचं म्हणणं असं पडलं की मूळ कामात चुंबळ धरलेली नसल्यामुळे हे वाढीव काम ठरतं, त्याला सुधारित अंदाजपत्रक लागेल. एका सदस्यानं विचारलं, घरातली जुनी साडी पिळून गोल करून बसवली तर? त्यावर, शासकीय शिल्पावर खासगी साडी बसवता येत नाही, असा अभिप्राय आला. मग चुंबळ फायबरची की कापडाची यावर सल्लागार नेमायचं ठरलं. सल्लागारानं पाहणी करून सांगितलं की चुंबळ घालायची तर हंडा उचलावा लागेल, हंडा उचलायचा तर कळशी उतरवावी लागेल, तांब्यातली नळी काढावी लागेल, म्हणजे क्रेन आली, क्रेनसाठी चौक दोन दिवस बंद आला, आणि चौक बंद म्हणजे टँकर यायचा रस्ता बंद. बाईच्या डोक्यावर चुंबळ यावी म्हणून गावाच्या डोक्यावर हंडा येणार नाही, अशी ही अवस्था. विरोधकांनी लगेच चुंबळ घोटाळ्याची चौकशी मागितली. त्यांच्याही घरी पाणी टँकरचंच, पण टँकर थेट दारात येतो, त्यामुळे चुंबळ कशी दिसते हे त्यांनाही शेजारी विचारावं लागलं.

भाषणात हे शिल्प म्हणजे 'दुष्काळाच्या आठवणींचं स्मारक' असल्याचं सांगण्यात आलं. आठवण? 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ती आठवण. गाडी येऊन गेली, थांबली, मग तिला आठवण म्हणता येतं. जे काल होतं, आज आहे आणि पुढच्या नवव्या दिवशी परत असणार आहे, त्याचं स्मारक कसं करतात? मेल्यावर तेरावं घालतात, आजारी माणसाचं नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "हेड वेगळं आहे, साहेब." सौंदर्यीकरणाचं हेड वेगळं, पाणीपुरवठ्याचं वेगळं, निधी वळवता येत नाही, 31 मार्चला परत गेला असता. खरं असेल. पण एक सांगा, परत जायची भीती कायम पुतळ्याच्याच पैशाला का असते? पाइपलाइनचा पैसा वर्षानुवर्षं निवांत कसा पडून राहतो?

आता थोडं वैतागून लिहितो. कोणी या बाईविरुद्ध बोललं की विचारलं जातं, "तुम्ही कलेच्या विरोधात आहात का?" आणि गावातली नाटकवाली पोरं नगरपालिकेच्या नाट्यगृहाचं भाडं कमी करा म्हणून गेली, तेव्हा त्यांना ऐकावं लागलं, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला नाटकं सुचतात?" तेच दालन, तीच खुर्ची, तेच तोंड. तहानलेल्यानं काही मागितलं की कला पुढे करायची, कलावंतानं मागितलं की तहान पुढे करायची. दोघांनाही हात हलवत परत पाठवायचं, आणि मधल्या मधे फायबरवाल्याचं बिल काढायचं. त्या नाट्यगृहात मेकअप रूमच्या शौचालयाला कुलूप आहे, कारण पाणी नाही. नटी प्रयोगाआधी दुपारपासून पाणी पीत नाही. म्हणजे कला आणि पाणी यांत निवड करायची वेळ आली, तर आमच्याकडे दोन्ही नाही असा पर्याय व्यवस्थित राबवला जातो. या लोकांच्या हातून कलेवर खर्च झालेला मी अजून पाहिलेला नाही. खर्च मांडवावर होतो, एलईडी पडद्यावर होतो, कमानीवरच्या फोटोंवर होतो, शाल-श्रीफळावर होतो. कलेला नारळ मिळतो.

आमच्या गल्लीत तमाशात ढोलकी वाजवलेला एक म्हातारा आहे. ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन मिळतं. पूर्वी अ, ब, क अशी प्रतवारी होती, 3150, 2700, 2250, जणू कापसाचे भाव. 2024 पासून सरसकट 5000 झालं, चांगलं झालं. पण आधी आपण कलावंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. फडात ढोलकी वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देत होतं? फडमालक गेला, फड मोडला, बातमीची कात्रणं कसरीनं खाल्ली. त्याला म्हटलं, वाजवून दाखवा ना साहेबांना. म्हणाला, "दाखवलं. म्हनले, आवाज करू नका." बरं, मंजूर झालंच तर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. फायबरच्या बाईला तो लागत नाही, आणि तिच्या पंपाचं वीजबिल दर महिन्याला बिनबोभाट भरलं जातं.

दरम्यान शिल्पाच्या हौदातून पहाटे कोणी भांड्याला पाणी नेऊ लागलं. मग कुंपण आलं, मग फलक आला, 'शिल्पातील पाणी भरल्यास 500 रुपये दंड', मग शिट्टीवाला रखवालदार आला. आता दुसऱ्या टप्प्याचा ठराव मंजूर आहे. त्यात टँकरचं शिल्प होणार आहे, अगदी हुबेहूब, चार चाकं, मागे पाइप, पाइपाला बायकांची झुंबड. जागा टँकर रोज थांबतो तीच धरली आहे, त्यामुळे खरा टँकर पुढच्या महिन्यापासून नाक्यापलीकडे थांबेल. बायकांनी अर्ज केला की निदान या वेळी शिल्पातल्या बायकांना तरी चुंबळी द्या. अर्ज आवकला लागला आहे. आवक क्रमांक मिळाला.