ढाळवाले काकाजी

ढाळवाले काकाजी तुम्हाला ठाऊक आहेतच. वास्तुपूजेला येतात, प्रसाद घेतात आणि हात धुण्याच्या निमित्तानं न्हाणीघरात शिरून मगभर पाणी फरशीवर ओततात. पाणी जाळीकडे गेलं तर एक शब्द नाही. दाराकडे वळलं, की बाहेरच्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल असं, "पाणी थांबून राहिलं ना बाप्पा!" नागपूरजवळच्या कोराडीत ही जात जरा जास्तच आढळते. इथल्या वीजकेंद्राचा पहिला संच 1974 साली सुरू झाला. तेव्हापासून पाइप, व्हॉल्व्ह आणि पाण्याचा दाब यांत हयात घालवलेली कितीतरी माणसं निवृत्त होऊन आसपासच वसली. टर्बाइन हातून सुटलं, मग मात्र सुटला नाही.

माणूस छळवादी आहे, पण त्याचा मुद्दा बिनतोड आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. बैठकीची जमीन सपाट हवी, न्हाणीघराची नको. तिथं मुद्दाम, मोजून केलेला तिरपेपणा लागतो. जुन्या न्हाणीघरात शॉवर बसवायचा म्हणजे भिंतीत पाइप घालून वर चाळणी लावली की झालं, अशी समजूत असते. बादलीची आंघोळ पंधरा-वीस लिटरांत आटोपते आणि पाणी मगामगानं पडतं. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो आणि मध्ये थांबत नाही, त्यामुळे बादलीनं वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला खड्डा पहिल्याच सकाळी उघडा पडतो. काकाजींचं गणित साठास एक, म्हणजे पाच फुटांमागे एक इंच. उंचसखल फरशीवरच नवी टाइल चिकटवणं त्यांच्या लेखी पाप आहे, आणि त्याला कारण आहे: पोकळ जागा खाली पोकळच राहते, जमीन अर्धा-पाऊण इंच चढते, उंबरा बुडतो आणि नहाणी ट्रॅपची जाळी खोलात जाते. म्हणून आधी ठोकून ठोकून पोकळ आवाज ऐकायचा, सुटलेलं काढायचं, कोबा खरवडायचा, लेव्हल पाइपनं चारी भिंतींवर एकच रेघ मारायची आणि त्या रेघेपासून खाली मोजत ढाळ धरायचा. मग वॉटरप्रूफिंग, आणि जाळी बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं. त्या दोन दिवसांत काकाजी सकाळ-संध्याकाळ येतात आणि समोर तळं साचलेलं असताना त्यात आणखी एक मग ओततात.

यावर मिस्त्री म्हणतो, "तीस वर्षं हेच करून राहिलो काकाजी." खरं आहे. पण त्यातली बरीचशी वर्षं बैठकी आणि बेडरूम सपाट करण्यात गेलेली असतात. हाताला लागलेली सवय न्हाणीघराच्या दारात उतरवून ठेवता येत नाही. शिवाय घरमालकाला दोन बाय दोनची चकचकीत टाइल हवी असते. एवढी मोठी टाइल चहूबाजूंनी जाळीकडे झुकत नाही. ती कर्णात कापावी लागते, नाहीतर शॉवरखाली लहान, खरबरीत टाइल घ्यावी लागते. कापलेली टाइल कुणाला आवडत नाही. घरातले मग वायपरचं नाव घेतात. पण तो रोज ओढायचा कुणी? ज्यानं टाइल पसंत केली त्यानं खासच नाही! जास्त ढाळानं स्टूल डुगडुगतं, म्हाताऱ्यांचा पाय सरकतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि काकाजींना तो मान्यही आहे. साठास एकच्या पुढे ते मिस्त्रीला सूतभर जाऊ देत नाहीत.

"आमचं न्हाणीघर, आमचं पाणी, तुम्हाला काय त्याचं?" असंही कुणी विचारेल. पण नागपूरच्या न्हाण्यांतून वाहून गेलेलं सांडपाणी भांडेवाडीच्या 130 दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्राला येतं आणि ज्या विजेवर तुमचा गीझर तापतो तिच्यासाठी पुन्हा खपतं. तेव्हा जाळीपाशी पाण्याचं खासगीपण संपलं. आणि उताराकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे कोराडीला वेगळं सांगायला नको. जुलै 2022 मध्ये याच वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेच्या पाण्यानं कुणालाही न विचारता नदीपर्यंतचा ढाळ बरोबर शोधून काढला. एवढा मोठा बांध बांधणाऱ्यांत एक तरी काकाजी होता की नाही, कोण जाणे. असला तर त्याचं कुणी ऐकलं नसणार; कचेरीत असल्या माणसाला कटकट्या म्हणतात.

आता थोडं नाइलाजानं कबूल करायला हवं. या माणसाची उमेदीची वर्षं क्वार्टरमध्ये गेलेली असतात. तिथं कोपऱ्यात पाणी साचायचं, बायको खराट्यानं ते ढकलायची, आणि फरशी फोडायची सोय नसायची, कारण फरशी सरकारी. दुसऱ्यांच्या न्हाणीघरात ते जे ओततात ते बहुधा तेव्हाचंच साचलेलं पाणी असावं. स्वतःचं घर बांधलं, ढाळ काटेकोर केला, तोवर पोरं पुण्याला गेलेली. आता मुलाच्या नव्या फ्लॅटचं न्हाणीघर ते व्हिडिओ कॉलवर बघतात, सुनेला पाणी ओतायला लावतात, "मोबाइल जरा खाली धर" म्हणतात. पाणी कमोडपाशी जाऊन थांबतं. मुलगा म्हणतो, "बिल्डरनं तसंच दिलंय बाबा, आता फोडायला सोसायटी परवानगी देत नाही."

काकाजी बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "असू दे. वायपर घेऊन ठेव एक."