मेजवानीतली तिसरी बाई : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साल १९४० च्या आसपासचं आहे, तुम्ही लॉस एंजेलिसला नुकत्याच उतरल्या आहात, आणि गावाकडे सगळ्यांनी सांगितलंय की तुम्ही अगदी नटीसारख्या दिसता. हे आधी विसरा. नटीसारख्या दिसणाऱ्या मुली त्या शहरात हॉटेलांतून कॉफी आणून देतात. आपल्याला व्हायचंय ते नायिकेच्या मागे, जरा डावीकडे, हातात ग्लास घेऊन हसणारी बाई. तिच्याकडे बघून प्रेक्षकाला 'घर मोठं आहे' एवढं कळलं पाहिजे, 'ही कोण?' असा प्रश्न पडला की तुमचं काम बिघडलं.

स्टुडिओच्या फाटकावर जाऊन उभं राहू नका. ते जुनं झालं. फाटकाशी लोटणारी गर्दी आणि तिच्याकडून कमिशन उकळणारे दलाल यांचा फार बोभाटा झाला, तेव्हा १९२५ च्या अखेरीला विल हेज यांच्या निर्माता-संघटनेनं सेंट्रल कास्टिंग नावाची कचेरी काढली. तिथे नाव लागलं की पुढची साधना टेलिफोनची. फोन लावायचा, नाव सांगायचं, पलीकडून 'नंतर करा' असं ऐकायचं, ठेवायचा, आणि खरोखरच नंतर करायचा. पलीकडच्या बाईवर चिडू नका. १९३७ च्या 'अ स्टार इज बॉर्न'मध्ये ती कचेरी दाखवली आहे. स्विचबोर्डावरचा प्रत्येक लुकलुकता दिवा म्हणजे तुमच्यासारखीच एक जण. त्या चित्रपटातली नायिका पुढे मोठी स्टार होते, पण ते मनावर घेऊ नका. स्विचबोर्डाचा भाग तेवढा घ्या.

आता कपडे. इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. गर्दीतला साधा एक्स्ट्रा आणि 'ड्रेस एक्स्ट्रा' यांत फरक आहे तो कपाटाचा. ड्रेस एक्स्ट्राला दर जास्त, पण संध्याकाळचा पायघोळ गाऊन, फर, हातमोजे, पर्स, दागिने, सगळं आपलं आपण आणायचं. बँकेत पैसे ठेवण्याऐवजी ते खुंटीला टांगून ठेवायचे, असा हा व्यवहार. गाऊन उंची हवा, पण आठवणीत राहील इतका नको. लाल तर नकोच. नायिकेनं लाल घातला असेल तर तुम्हाला घरी पाठवतील, आणि नसेल घातला तर आधी पाठवतील. चित्रपटातला हिवाळा बहुधा जुलैत चित्रित होतो, तेव्हा रंगीत चित्रीकरणाच्या प्रखर दिव्यांखाली फर घालून थंडीनं शहारण्याचा सराव घरी करावा.

या शाखेतला आदर्श म्हणजे बेस फ्लॉवर्स. टेक्सासमधल्या शर्मन गावची, १८९८ चा जन्म, उंच, ताठ आणि कपाट भरलेलं. १९२८ च्या 'वी फॉ डाउन'मध्ये ती स्टॅन लॉरेलची बायको होती, म्हणजे भूमिका तिला मिळत नव्हत्या असं नाही. पण नाव झालं ते मेजवान्यांत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेल्या पाच चित्रपटांत ती आहे: 'इट हॅपन्ड वन नाइट', 'यू कान्ट टेक इट विथ यू', 'ऑल अबाउट ईव्ह', 'द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ' आणि 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. कितीतरी नामांकित तारकांना एवढी यादी जमली नाही. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये समोरच्या संगीतकाराच्या घरी पार्टी चालू असते. तिथे कुत्रं घेऊन आलेली पाहुणी ती हीच. जेम्स स्टुअर्टचा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला दुसरा उद्योग नव्हता, तरी त्यानंही तिच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही. तुम्हाला जमवायचंय ते हे.

सेटवर गेल्यावर बोलायचं नाही, पण बोलत राहायचं. मायक्रोफोन नायक-नायिकेसाठी असतो. तुम्ही ओठ हलवायचे, मान डोलवायची, शेजारच्या गृहस्थाच्या विनोदावर आवाज न करता खळखळून हसायचं. गृहस्थानं विनोद केलेला नसतो. नाचाच्या प्रसंगात संगीत थोडा वेळ वाजवून बंद करतात आणि संवाद सुरू होतात; मग वीस-पंचवीस जोडपी शांततेत, तळव्यांना आवाज बुजवणारं कापड लावलेल्या बुटांवर, मनातल्या तालावर फिरत राहतात. ग्लासात बिनदारूचं काहीतरी असतं. तो किती भरलेला होता हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या टेकला तितकाच लागेल. आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. त्यानंही तुमच्याकडे पाहिलेलं नसतं.

पैशाचं गणित एका वाक्यावर फिरतं, अगदी शब्दशः. १९३७ साली स्क्रीन अॅक्टर्स गिल्डनं स्टुडिओंबरोबर करार केला, त्यात एक्स्ट्राचा किमान रोज साडेपाच डॉलर आणि नटाचा पंचवीस. म्हणजे 'गाडी आली, मॅडम' एवढं म्हणायला मिळालं की रोज साडेचारपट. म्हणून दिग्दर्शक 'तू काहीतरी म्हण' असं म्हणाला की निर्मिती व्यवस्थापकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये बेसबाईंना पुरस्कार समारंभानंतर त्यातल्या कारस्थानी नटीचं, ईव्हचं, अभिनंदन करायला मिळालं. एक वाक्य, तेही ईव्हला, आणि ती बया कशी आहे ते त्या समारंभातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. एक्स्ट्रांचे प्रश्न नटांच्या गिल्डमध्ये मागेच पडत, म्हणून १९४५ च्या सुमारास त्यांनी आपली वेगळी संघटना उभी केली. तिच्या संस्थापकांत बेस फ्लॉवर्स होती. पडद्यावर गप्प बसणाऱ्या बाईनं बाहेरही गप्प बसावं असा नियम नाही.

बढतीचा धोका मात्र असतो. एलन कॉर्बी आधी स्टुडिओत स्क्रिप्टचं काम सांभाळायची, अधूनमधून बारीकसारीक कामं करायची. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये पैसे काढायला लोकांची झुंबड उडालेली असते. स्टुअर्ट काउंटरमागे, हातातल्या नोटा संपत आलेल्या. रांगेतला पहिला माणूस खात्यातले सगळेच पैसे मागून घेतो. कॉर्बीची पाळी येते आणि ती भीत भीत विचारते, साडेसतरा डॉलर मिळतील का? स्टुअर्ट वाकून तिचा मुकाच घेतो. काही सेकंदांचं काम. दोन वर्षांनी 'आय रिमेंबर मामा'साठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन, आणि पुढे टेलिव्हिजनवर 'द वॉल्टन्स'ची आजी म्हणून घराघरांत ओळख. या मार्गदर्शिकेच्या दृष्टीनं ही वाया गेलेली विद्यार्थिनी.

वर जे कपड्यांचं सांगितलं ते गोऱ्या वाचकांपुरतं. तुम्ही काळ्या असाल तर कपाट भरू नका. अॅप्रन स्टुडिओच देतो. थेरेसा हॅरिसला गाता येई, नाचता येई, कॅमेरा तिच्यावर रेंगाळे. तिनं 'कॅट पीपल'मध्ये वेट्रेस केली, 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'मध्ये मोलकरीण केली. १९४७ च्या 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये मात्र एकदा ती क्लबमध्ये पाहुणी म्हणून बसली आहे. छान टोपी, सोबत एक गृहस्थ. रॉबर्ट मिचम तिच्याकडे चौकशीला येतो आणि ती त्याला बरोबरीच्या माणसासारखी उत्तरं देते. तो प्रसंग मिनिटभराचा आहे आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. इथे मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

पन्नासच्या दशकात टेलिव्हिजन घरोघर पोचेल, चित्रपटगृहं ओस पडतील, स्टुडिओ खर्चाला कात्री लावतील आणि ती पहिल्यांदा मेजवानीला लागेल. खचू नका, टेलिव्हिजनवरही कोर्टात प्रेक्षक लागतात. बेसबाई १९६४ पर्यंत टिकल्या.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून करा: वही ठेवा. त्या काळी सुरुवातीच्या श्रेयनामावलीत मोजकीच नावं यायची, बाकीच्यांची नोंद पडद्यावर कुठेच नसायची. म्हणून बेस फ्लॉवर्सच्या चित्रपटांची मोजणी आजही चालूच आहे. कोणी आठशेच्या वर सांगतं, कोणी कमी, आणि हौशी लोक जुने चित्रपट थांबवून थांबवून मागच्या टेबलांवर तिला शोधतात. तेव्हा तारीख, स्टुडिओ, मजुरी, सगळं लिहा. कुठला गाऊन कुठल्या मेजवानीला घातला तेही लिहा. एकाच आठवड्यात एका स्टुडिओत वधूची मावशी आणि दुसऱ्यात राजदूताची बायको व्हायची वेळ येईल, आणि दोघींचा शिंपी एकच निघाला तर ते पहिल्यांदा दुसरी ड्रेस एक्स्ट्राच ओळखेल.