यंदा साधंच

नाताळ जवळ आला की वसईत दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिली 23 डिसेंबरला संध्याकाळी बाजारात जातात, प्लॅस्टिकचं झाड, लुकलुकत्या माळा आणि चकचकीत गोळे घेऊन येतात, रात्री अकराच्या आत सगळं टांगून झोपी जातात. यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सुखी माणसं आहेत. दुसरा प्रकार आळीत एखादाच असतो. नोव्हेंबर संपता संपता तो ओट्यावर बसून जाहीर करतो, "यंदा साधंच करायचं. सावकाश. धावपळ नको." हे ऐकलं की घरातल्या बायका एकमेकींकडे बघतात आणि पदर खोचतात.

आमच्या आळीतल्या या गृहस्थांना सगळे सावकाशमामा म्हणतात. निवृत्तीआधी ते बँकेत होते. त्यांच्या काउंटरपुढे उभं राहूनच आपला गुडघा कायमचा धरला, असं एक आजी अजून सांगतात.

मामांचं म्हणणं मुळात बरोबर असतं, पंचाईत तीच आहे. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ. चार रविवार, चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची. एका ताटलीत मावणारं प्रकरण. पण मामांनी कुठंतरी वाचलं की 1839 साली हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकानं अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, आणि ही प्रथा तिथून निघाली. झालं! बाजारचं कडं बाद. पडवीत पडलेलं आजोबांच्या बैलगाडीचं चाक आळीतल्या चार पोरांनी उचलून आत आणलं. जेवणाच्या टेबलाखेरीज ते कुठंच बसेना. तेव्हापासून नाताळपर्यंत घर जमिनीवर पंगत मांडून जेवलं. "किती साधं वाटतंय ना?" मामा मांडी घालत म्हणाले. मामी म्हणाल्या, "तो विखर्न प्रोटेस्टंट होता." वसईच्या कॅथलिक घरात याहून कडक शब्द नवऱ्याला सहसा वापरत नाहीत.

ताऱ्याचंही तेच. बाजारात घडीचा तारा मिळतो. उघडला, टाचला, दिवा सोडला, संपलं. मामांचा तारा घरचाच. बांबूच्या दहा कामट्या तासायच्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्या एकमेकींवर ठेवून टोकं आवळायची आणि मधे पाच आखूड काड्या सारून तारा फुगवायचा. मग गव्हाच्या पिठाची खळ आणि पतंगाचा कागद. मामा कामट्या तासतात, म्हणजे चाकू हातात धरून लहानपणीच्या नाताळच्या गोष्टी सांगतात. कामट्या सून तासते. खळ मामी शिजवतात. कागद नातू चिकटवतो. दिवा बसवण्याचं काम मात्र मामा कुणाला देत नाहीत. पूर्वी ते साठचा बल्ब लावायचे आणि तारा दरसाल एका बाजूनं करपायचा. एलईडी आल्यापासून तारा शाबूत राहतो. पण आता त्यात जीव नाही, अशी त्यांची तक्रार असते.

झाडासाठी सुरूची फांदी. तीही तोडलेली चालत नाही, आपणहून पडलेली हवी. म्हणून डिसेंबरभर मामा पहाटे समुद्रावर जातात, सुरूंच्या खाली मान वर करून उभे राहतात आणि घरी येऊन सांगतात, "आज वारा नव्हता."

खरी परीक्षा गोठ्याची. नवरात्रात घट बसवतात तसे आमच्याकडे काही घरांत ताटलीत गहू पेरतात. दहा-बारा दिवसांत कोवळं पोपटी कुरण तयार होतं आणि त्यावर मेंढरं सोडता येतात. घाई नको म्हणून मामांनी गहू महिनाभर आधीच पेरले. नाताळच्या आदल्या दिवशी मेंढरं दिसेनाशी झाली होती आणि मेंढपाळ गळ्यापर्यंत पिकात उभा होता. कात्री आणायला निघालेल्या सुनेला मामांनी अडवलं. "असू दे. निसर्ग आहे."

कुणी जास्त बोललं की मामा संत फ्रान्सिसला पुढं करतात. "1223 साली ग्रेच्चोला त्यानं पहिला गोठा मांडला. एक गव्हाण, थोडं गवत, एक बैल, एक गाढव. आहे का त्यात कुठं चमकी?" हे प्रवचनात मामींनीही ऐकलेलं असतं, आणि जरा नीट ऐकलेलं असतं. "फ्रान्सिसनं पंधरा दिवस आधी जोव्हान्नी नावाच्या माणसाला सांगून ठेवलं होतं. मांडामांड त्या जोव्हान्नीनं केली. इथं जोव्हान्नी मी आहे."

बाळ येशू 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही, हे सगळेच पाळतात. मामा तीन राजांनाही नियम लावतात. राजांचा सण 6 जानेवारीला, तर ते आधीपासून गोठ्यात कसे? त्यांनी चालत यायला हवं. म्हणून राजे स्वयंपाकघरातल्या फ्रीजवरून, म्हणजे पूर्वेकडून, निघतात आणि रोज थोडे सरकतात: मिसळणाचा डबा, खिडकीची कड, शिलाई मशीन, टीव्ही. केर काढताना सुनेनं त्यांना हलवलं तर प्रवास पुन्हा मागून सुरू होतो. आळीतली माणसं जाता-येता विचारतात, "मामा, राजे कुठं पोचले?" एकदा सलग तीन दिवस ते शिलाई मशीनवरच होते, तेव्हा मामांचा मुलगा विरारच्या गाडीतून लोंबकळत घरी आला आणि म्हणाला, "पपा, सिग्नल मिळाला नाही वाटतं त्यांना."

एवढं सगळं करून घर दिसतं कसं? सांगायला जड जातं, पण सुंदर दिसतं. माळांनी मढवलेल्या घरांतली माणसं मामांच्याच ओट्यावर येऊन बसतात, नेवऱ्या संपवतात आणि "किती साधं केलंय!" म्हणून जातात. हे ऐकताना मामी आणि सून दोघी आत भांडी जरा जोरात ठेवतात.

गेल्या 6 जानेवारीला मात्र अडचण झाली. दोन राजे वेळेवर गोठ्यात दाखल झाले, तिसरा सापडेना. कपाटाखाली, मशीनमागं, मिसळणाच्या डब्यात, सगळीकडे शोधलं. नातू गप्प होता, म्हणजे त्याला ठाऊक होतं. मामा अजिबात गडबडले नाहीत. चष्मा लावून त्यांनी बायबल उघडलं आणि मत्तयच्या शुभवर्तमानावर बोट ठेवलं. "वाचा. पूर्वेकडून मागी आले, एवढंच लिहिलंय. किती आले, आकडा कुठं आहे?"

मामींनी वाकून पान बघितलं. "खरंच की. मग पुढच्या वर्षी एकच आणा. आणि त्याला रिक्षा करून द्या."