प्रेम सस्कॅचेवानवर, संसार टोरांटोत

कॅनडातला सस्कॅचेवान प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. वस्ती सुमारे १२ लाख. माणसं हवीत म्हणून तिथलं सरकार स्थलांतरितांना कायम रहिवासासाठी नामांकन देतं. अर्जात आपली मंडळी तिथल्या राजधानीच्या, रेजायनाच्या थंडीवर नि गव्हाच्या शेतांवर असं प्रेम ओततात, की तिथे जन्मलेल्यानं लाजावं. कायम रहिवासाचा कागद हाती पडला, की थेट टोरांटोचं विमान! १९८२च्या हक्कसनदेनं कायम रहिवाशाला कुठल्याही प्रांतात राहायची मुभा दिलीय ना. मग टोरांटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनच्या तळघरात भरमसाट भाडं भरत सांगायचं, ‘इथं सगळं मिळतं हो!’ सगळं म्हणजे कढीपत्ता आणि गणपतीच्या आरतीला गर्दी. रेजायनात त्याहून कमी पैशांत अंगणासकट घर जमलं असतं. पण ते बघून जळायला तिथे ओळखीचं आहे कोण?